दंडाला पट्टा बांधून घे

कोर्पिवारा, १८ फेब्रुवारी १९७३

पिर्को,

नाताळचं तुझं कार्ड मिळालं. त्यावर फक्त माझंच नाव होतं, म्हणून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. तक्रार नाही करत. ज्या माणसानं ऐन गवतकापणीत तुला सांगितलं, "जायचंच असेल तर मग पत्रंही टाकू नकोस," त्याचं नाव कार्डावर कशाला घालायचं? तू निघालीस त्या सकाळी बाबा गोठ्यातून बाहेरसुद्धा आले नाहीत, हे मी विसरलेले नाही. पण आता चार वर्षं होतील. तिकडे स्वीडनमध्ये आपली माणसं चार वर्षांत घर बांधतात, गाडी घेतात आणि तुम्हा दोघांचा एक राग काही संपत नाही.

आज लिहायला बसले ते मात्र वेगळ्याच कारणानं. मंगळवारी शाळेच्या जेवणघरात आरोग्य केंद्राची हेल्वी आली होती. तुझ्या पुढे दोन वर्ग होती ना, वेण्यांची, ती. आता नर्स झालीय आणि गावातल्या सगळ्यांना हुकूम सोडते. रेडिओवर सारखं सांगतातच की आपल्या भागातली माणसं ऐन उमेदीत पटापट मरतात, सगळ्या जगात इथेच जास्त. त्यासाठी आता घरोघरच्या लोकांचे रक्ताचे दाब मोजणार म्हणे. दंडाला कापडी पट्टा बांधते, रबरी फुगा दाबत जाते, मग हळूहळू हवा सोडत कानात नळ्या घालून ऐकते, आणि काचेच्या नळीत पारा चढतो-उतरतो. नंतर कॉफी होती म्हणून पुरुष आले. नाहीतर कोण येतंय.

बाबा म्हणाले, मला गुरं आहेत. पण समोरच्या कालेर्वोनं त्यांना चिडवलं, "ताउनो, सुई नाहीये रे, घाबरतोस काय?" मग बसले. हेल्वीनं एकदा मोजलं. पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला. मग पुन्हा पहिल्या. वरचा आकडा दोनशे बारा, खालचा एकशे चोवीस.  बाबा शर्टाची बाही खाली करत म्हणाले, "मला तर काहीच दुखत नाही."

पिर्को, तेच तर मला खातंय. तुझ्या आजोबांनाही काही दुखत नव्हतं. त्यांचा चेहरा कायम लाल असायचा आणि सगळे म्हणायचे, म्हातारा कसा टुणटुणीत आहे. युद्धानंतर एकदा तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यांचा दाब मोजला होता. मी तिथेच उभी होते. डॉक्टर म्हणाले, वयात शंभर मिळवा, तेवढा असायचाच. नळ्या जुन्या झाल्या की रक्ताला जोर लागतो, तो काढून घेतला तर माणूसच बसेल. झोपेची पूड दिली आणि चिडू नका म्हणाले. आजोबा चिडणं सोडून पुढच्या वर्षी गवताच्या गाडीवरून खाली आले ते मेलेलेच. हेल्वीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांचा दोष नाही, त्यांच्या बॅगेत दुसरं काही नव्हतंच. कालेर्वोच्या थोरल्या भावाला हेलसिंकीला नेऊन पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापून आणल्या होत्या, आठवतं? दाब उतरला, पण उभा राहिला की झीट येऊन पडायचा. लोक बिचाऱ्याला दारुडा समजायचे. आता गोळ्या निघाल्यात. पांढऱ्या, बारीक. रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या, मरेपर्यंत.

बाबांनी बाटली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी कालेर्वोबरोबर तळ्यावर गेले, बर्फाला भोक पाडलं आणि गळाआधी गोळ्याच आत सोडल्या. संध्याकाळी कालेर्वो माझ्याच टेबलावर माझीच कॉफी पीत हे हसत हसत सांगत होता. "आता तळ्यातले मासे निवांत होतील बघ साइमी!" तुझे बाबाही हसले. मी ताटं जरा जोरात ठेवली.

माझाही दंड बांधला. माझं काही विशेष नाही, वयाला शोभेल इतकंच.

तूही बांधून घे. हेल्वी म्हणते, हे रक्तातून येतं. कारखान्यात नर्स असेलच. दंडाला पट्टा बांधून घे आणि आकडा मला कळव, बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझी आई

*

कोर्पिवारा, २९ एप्रिल १९७३

पिर्को,

कालेर्वो गेला. एक्कावन्न वर्षांचा. सकाळी दुधाचे कॅन घेऊन रस्त्यावर गेला होता. कट्टा तोच, कॅन ठेवायचा, जिथे तू बसची वाट बघत उभी होतीस. कॅन वर चढवला आणि तिथेच कोसळला. बाबा आपले कॅन घेऊन मागोमाग गेले, त्यांनाच सापडला. त्याला एकट्यानं उचलून घरी आणलं. दुधाची गाडी आली ती आमचे कॅन न घेताच गेली.

डोक्यातली रक्ताची नळी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको आउने मला चुलीपाशी धरून रडली. कालेर्वोलाही हेल्वीनं गोळ्या दिल्या होत्या, त्यानं त्या फेकल्या नव्हत्या, तिनं सांगितलं. पंधरा दिवस घेतल्या. मग एकदम बरं वाटतंय म्हणाला, बरं असताना औषध कशाला, आणि बाटली फळीवर ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

 दफनाहून घरी आल्यावर बाबांनी सौनाची वाफेची खोली तापवायला सांगितली आणि ओकुलीना आत्याला बोलावून घेतलं. हो, तीच, शिंगं लावून रक्त काढणारी. ऐंशी झाली तरी हात कापत नाही तिचा. बाबांच्या पाठीवर तिनं सहा-सात शिंगं लावली, बारीक चिरा दिल्या आणि काळं रक्त पातेल्यात काढलं. म्हणाली, "बघ ग साइमी, किती घट्ट झालंय, असलं कुठून वाहणार?" आत्याच्या पुढे मी काय बोलणार. तिनं निम्म्या गावाच्या पाठी पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मीच हेल्वीला बोलावलं. आकडा थोडा खाली होता. आत्या ताठ मानेनं बसली होती. हेल्वीनं चार दिवसांनी परत मोजलं तर होता तिथेच. तिनं आत्याला काही दुखावलं नाही, एवढंच म्हणाली की शिंगानं काढलेलं रक्त शरीर पुन्हा भरून काढतं. आत्या म्हणाली, मग पुन्हा काढू. यावर हेल्वीसुद्धा हसली.

महिला मंडळात आता आम्हाला नवा स्वयंपाक शिकवतात. लोणी कमी, मीठ त्याहून कमी. खारवलेल्या मुइक्कू माशांचं पिंप मी रिकामं केलं आणि उन्हात उलटं घातलं. भाताच्या सारणाच्या पिराक्कांवर अंडं-लोणी नाही. राय धान्याच्या पावात निम्मं मीठ. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आता ताट उचलून बाहेर फेकतो. कसलं काय, सगळं संपवलं, तोंड पुसलं, उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. तुझे बाबा, ज्यांनी लग्नाच्या जेवणात माझ्या आईला सूप अळणी आहे म्हणून सांगितलं, ते दोन आठवडे अळणी खातात आणि तक्रार करत नाहीत. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे, तेही कळलं. सकाळी दूध काढून झालं तरी ते गोठ्यातच थांबतात. बाहेर येतात तेव्हा हातानं तोंड पुसत येतात. गोठ्यात काय आहे खायला? गुरांना चाटायला ठेवतो ते मीठ! पन्नाशी उलटलेला माणूस गायींच्या वाट्याचं मीठ चाटतोय. विचारलं तर म्हणतात, "लाल गायीचा खूर बघत होतो."

रोज तिचाच खूर.

मला रात्री झोप लागत नाही. ते घोरायचे थांबले की मी हात लावून बघते. घोरायला लागले की मग राग येतो.

पट्टा बांधून घेतलास का? लिही ना ग.

आई

*

कोर्पिवारा, २४ जून १९७३

पिर्को,

काल मध्य उन्हाळ्याच्या सणाला सगळं गाव तळ्याकाठी होळी पेटवून बसलं होतं. मी घरीच होते, डोकं जरा जड होतं. ऊन फार आहे यंदा.

तुला एक सांगते, पण तू हे कुणालाही सांगायचं नाही, तशी तू कुणाला सांगणार म्हणा. मी बाबांना गोळ्या द्यायला लागले आहे. त्यांना न कळत. एका चमच्याखाली दुसरा चमचा धरून चुरते आणि त्यांच्या सकाळच्या कॉफीत टाकते. कॉफी जास्त कडक करते, म्हणजे चव लपते. गोळ्या कुठून आणल्या ते विचारू नकोस. चोरल्या नाहीत, एवढं पक्कं.

कालेर्वोला त्यांनी उचलून आणलं त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं होतं, हा माणूस मी असा कट्ट्यावर पडू देणार नाही. समजावून बघितलं. ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात, खरंच मीठ असेल तोंडात, काय सांगावं. मग भांडून बघितलं. माझं भांडण ऐकायला मांजर बसलं आणि हे उठून गेले. शेवटी मी चोरावर मोर झाले. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी या माणसाला फसवतेय आणि मला काडीची लाज वाटत नाही.

गुण येतोय. हेल्वी म्हणाली होती, गोळीनं लघवीला फार होतं, शरीरातलं जास्तीचं पाणी-मीठ जातं आणि नळ्यांवरचा भार उतरतो. अग, बाबा आता शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत थांबल्याशिवाय जात नाहीत. परवा चर्चमध्ये प्रवचन चालू असताना दोनदा उठले, आत्यानं कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, सगळं जाऊ दे. फक्त एक आहे, दूध काढायच्या स्टुलावरून उठले की खांबाला धरतात. मी विचारलं, चक्कर येते का, तर म्हणाले, खांब हलतो का बघत होतो. गोठा त्यांनी स्वतः बांधलाय आणि खांब चाळीस वर्षं हलायचा नाही. ते मिठानं असेल. एक दिवस मी ते चाटायचं मीठच उचलून टाकणार आहे, मग गायींनी काय करायचं ते करावं.

मी बरी आहे. मागच्या आठवड्यात कणीक मळताना नाकातून रक्त आलं, पिठातच पडलं, सगळी कणीक फेकावी लागली. उन्हानं होतं असं. सकाळी मानेच्या वर जरा ठणकतं, दुपारपर्यंत जातं. हेल्वीनं दोनदा निरोप पाठवला, तपासायला ये म्हणून. गवतकापणीचे दिवस तोंडावर आलेत, कुठे जाऊ? झाली की जाईन.

तुझा चेहरा बघून किती दिवस झाले. पूर्वी मी म्हणायचे की ही अगदी बापावर गेलीय आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, निदान बोलण्याच्या बाबतीत तरी माझ्यावर जायला हवी होतीस.

आई

*

आरोग्य केंद्र, १२ ऑगस्ट १९७३

पिर्को,

घाबरू नकोस, बाबा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

अक्षर वाकडं आलंय कारण मी पलंगावर पडून लिहितेय. हो, मी. बाबा पलीकडच्या पुरुषांच्या खोलीत आहेत. गुरं आउने आणि ओकुलीना आत्या बघताहेत. आत्याचा पिता-पुत्राच्या नावानं शाप देण्याचा सूर लाल गायीला आवडतो म्हणे, दूध वाढलंय.

शनिवारी शेवटची गवताची गाडी आत आली. बाबा दिवसभर उन्हात होते, घाम गाळला होता. संध्याकाळी सौना. मी सकाळी नेहमीसारखी गोळी कॉफीत घातली होती, आणि इतकं दमलेत म्हणून, देवा मला माफ कर, जपायचं म्हणून एक जास्त घातली होती. सौनात आम्ही दोघं होतो. त्यांनी दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, म्हणाले, "यंदा गवत चांगलं झालं." तेवढं बोलून वरच्या फळीवरून उठून उभे राहिले आणि मी बघतेय तोच सरळ खाली आले. खांदा चुलीला घासला, कातडी भाजली. डोकं पायरीवर आदळलं. पिर्को, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यभर लाल बघितलेला चेहरा. मी त्यांना पायांना धरून बाहेर गवतावर ओढलं आणि अंगावर काही नाही याचं भान न राहता आउनेच्या घरापर्यंत ओरडत गेले.

मला वाटलं, मी मारलं. दुसरं काही वाटलं नाही.

इथे आणल्यावर डॉक्टरांनी त्यांचा दाब मोजला. निजलेले असताना कमी होता, उभं केलं तर जवळजवळ सापडेना. डॉक्टर म्हणाले, हे दोन माणसांचं औषध एका माणसाच्या पोटात गेल्यासारखं आहे. हेल्वी तिथेच होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या खोलीच्या दाराकडे आणि खुर्चीवर बसली.

आता ऐक. फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं की माझं काही विशेष नाही. ते खोटं होतं. माझा दाब बाबांपेक्षा जास्त होता. हेल्वीनं त्याच दिवशी मलाही गोळ्या दिल्या होत्या आणि मी तिला शपथ घातली होती की ताउनोला सांगायचं नाही, तो उगाच काळजी करील. थोडे दिवस मी त्या घेतल्या. कालेर्वो गेल्यावर माझ्याच गोळ्या मी बाबांना द्यायला लागले. मला वाटलं, बायका टिकतात. आपल्या गावात कट्ट्यावर पडतात ते पुरुष, आम्ही काळे कपडे घालून कॉफी करतो. कुठल्या रेडिओवाल्यानं कधी बायकांचं नाव घेतलं?

आणि बाबा? कालेर्वोच्या दफनाच्या दुसऱ्याच आठवड्यात ते सायकलनं हेल्वीकडे गेले होते. नवी बाटली मागितली आणि तिला शपथ घातली की साइमीला सांगायचं नाही. म्हणाले, फेकल्या म्हणून एवढा हसलो, आता कुठल्या तोंडानं सांगू! बाटली ठेवली गोठ्यात, गुरांच्या मिठाच्या पेटीत. रोज सकाळी दूध काढून झाल्यावर एक गोळी, वर धारेचं दूध. मग हातानं तोंड पुसत बाहेर. ते मीठ चाटत नव्हते ग. मग घरात येऊन माझ्या हातची कडक कॉफी.

हेल्वी आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "तुम्ही दोघांनी मला शपथा घातल्यात आणि मी मूर्खासारखी त्या पाळल्या. एका घरात, एका टेबलावर बसून तुम्हाला एवढं बोलता आलं नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं माझा दंड बांधला. आकडा तिनं मोठ्यानं सांगितला नाही. डॉक्टरांना कागदावर दाखवला आणि मला तिथल्या तिथे निजवलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या मागच्या नळ्यांतून रक्त पाझरलंय, आणखी काही दिवस अशीच राहिली असती तर कालेर्वोच्या वाटेनं गेली असती. ते हळू बोलले, पण ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बाबा खांद्याला पट्टी, दवाखान्याचा तोकडा झगा, अशा अवतारात बायकांच्या खोलीत आले. नर्सनं अडवलं तर तिच्या बाजूनं आले. माझ्या पलंगाजवळ उभे राहिले. बसायला सांगितलं तरी बसेनात.

"तुझ्या वाट्याच्या गोळ्या मला घातल्यास," ते म्हणाले.

"तू तर तळ्यात टाकल्या होत्यास."

"टाकल्या होत्या. मग कालेर्वो गेला."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस?"

 खोलीतल्या बाकीच्या बायका विणकाम थांबवून ऐकत होत्या.  शेवटी बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि माझा हात धरला, सगळ्यांसमोर, जे त्यांनी लग्नातही केलं नव्हतं. म्हणाले, "साइमी, तू गेलीस तर मी गप्प बसायचं कुणाजवळ?"

मी रडले. खूप रडले. दाब वाढेल म्हणून नर्स धावत आली.

आता माझी भीती गेली असं समजू नकोस. आता दोघांची आहे. आणि तुझी. दोन्हीकडून तुझ्या रक्तात हे आलंय, पिर्को. काही दुखत नाही, यावर विसंबू नकोस. आम्ही दोघं आपापल्या कोपऱ्यात गुपचूप एकमेकांना वाचवत होतो आणि त्यात दोघंही जात होतो. तू आमचीच मुलगी आहेस, तू तिकडे काय काय गुपचूप करत असशील या विचारानं माझा जीव अर्धा होतो.

पट्टा बांधून घे.

आई

*

कोर्पिवारा, ९ सप्टेंबर १९७३

पिर्को,

तुझं कार्ड आलं.

टपालवाल्याकडून बाबांनीच घेतलं. पत्त्यात दोघांची नावं होती. त्यांनी ते दारातच उलटून बघितलं, आणि मागे फक्त एवढंच, एकशे चोवीस, ऐंशीला दोन कमी. ना "प्रिय", ना "तुमची". कुणावर गेलीय, ते आता विचारायलाच नको.

बाबांनी ते चारदा वाचलं. आकडे वाचायला किती वेळ लागतो? मग खिळा आणि हातोडी आणली आणि टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकलं. मी म्हटलं, चिकटवायचं, भोक कशाला पाडतोस. म्हणाले, पडलं तर?

त्याच कार्डाखाली बसून आम्ही आता सकाळी गोळ्या घेतो. आपापल्या, आपापल्या बाटलीतून, समोरासमोर. घेतली की तोंड उघडून दाखवायचं, हा त्यांचा कायदा. माझ्यावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. कॉफी आता तेच करतात, पाण्यासारखी करतात. सौना अजून कोमटच चालतो, हेल्वीचा हुकूम आहे, आणि आत्या त्याला सौना म्हणायला तयार नाही. माझा दाब हळूहळू उतरतोय. पाव अजून अळणीच आहे. काल जेवताना बाबा म्हणाले, अळणी आहे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आज दूध काढून झाल्यावर ते कागद आणि पेन्सिल घेऊन गोठ्यात गेले. अजून आत आहेत. लाल गायीचा खूर बघत असतील. या वेळी मी मागे गेले नाही. जे काही बाहेर येईल ते या पाकिटात घालते, मी न वाचता.

तुझी आई

*

पिर्को

पाऊस झाला. बटाटे काढून झाले. गायी बऱ्या आहेत.

तुझा दाब चांगला आहे. तसाच ठेव. जेवणात मीठ कमी घाल, आईचं ऐक.

तुझ्या आईचा अजून एकशे सत्तर आहे. हेल्वी म्हणते, उतरेल. मी रोज बघतो तिनं गोळी गिळली का. ती हसते. हसू दे.

मला लिहिता येत नाही. पत्र टाकू नकोस म्हटलं होतं, ते मी म्हटलं होतं. तू टाकलंस, बरं केलंस.

आई तुला सांगते की तू गेलीस त्या दिवशी मी गोठ्यात होतो. तिला तसंच वाटतं. मी गोठ्याच्या मागच्या दारानं रस्त्यावर गेलो होतो. दुधाच्या कट्ट्यामागे उभा होतो. तू पुढच्या बाजूला होतीस, निळा कोट होता. पेटीचा पट्टा तुटला तो तू दोरीनं बांधलास. माझ्या खिशात चांगली दोरी होती. बस आली, तू गेलीस. मी बाहेर आलो नाही.

नाताळला ये. आईला बघायला ये. बस अजून तिथेच थांबते, कट्ट्यापाशी. या वेळी मी पुढच्या बाजूला उभा राहीन.

बाबा